आधी हाक मारा

एका बाईला पुराच्या पाण्यातून ओढून काढलं, बंद पडलेला तिचा श्वास पुन्हा चालू केला, आणि दवाखान्यातून ती घरी आल्यावर सासरच्यांनी तिची भांडी बांधून तिला माहेरी घातली. कारण काय, तर ती वाचली. ही हकीकत मला शांतपणे सांगता येत नाही. मैत्रिणी म्हणतात, अगं, झालं ना शेवटी नीट, आता सोड. नाही सोडत. राग माझा आहे, मी तो ठेवणार.

मी नर्स. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली, अर्धी जळगावात, अर्धी धुळ्यात. निवृत्त झाल्यावर जळगावला मेहरूणच्या घरात जेमतेम आठवडाभर बसले असेन, तेवढ्यात घरातल्यांनीच हात जोडले की बाई, तू कुठंतरी जात जा. मग एका पथकात शिरले. पूर, आग, मोठा अपघात अशा वेळी बाहेरून मदत येईपर्यंत गावातल्याच माणसांनी काय करायचं, ते आम्ही गावोगाव जाऊन शिकवतो. एक तरुण डॉक्टर, मी, आणि छातीपर्यंतचा एक रबरी पुतळा. श्वास थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, तोंडानं श्वास कसा द्यायचा, हे त्या पुतळ्यावर शिकवायचं. त्याची पेटी माझ्याकडे असते. एसटीत कंडक्टरनं एकदा विचारलं, मावशी, पेटीत काय? म्हटलं, माणूस. त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला, धुळे जिल्ह्याच्या वरच्या अंगाला ते गाव आहे. नाव सांगत नाही, सांगून त्यांची अब्रू काय वाढणार आहे? गाव आणि शेतं यांच्यामधून एक नाला जातो. एरवी त्यात शेळ्या चरतात. पण वर डोंगरात पाऊस झाला की खाली चकचकीत ऊन असताना नाल्याला पाणी येतं आणि जे सापडेल ते घेऊन जातं. म्हणून ते गाव प्रशिक्षणासाठी निवडलं होतं. निवड बरोबर होती. त्या दिवशी तेवढी एकच गोष्ट बरोबर झाली.

प्रशिक्षण गावच्या शाळेत होतं, उद्घाटनाचे पाहुणे यायलाच ऊन डोक्यावर आलं. मग बायकांनी औक्षण केलं, नारळ फुटला, आणि कुणाच्या डोक्यात आलं देव जाणे, पुतळ्यालाही झेंडूचा हार घातला, कपाळाला कुंकू लावलं. हार घालून आडवा पडलेला तो पुतळा बघून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, याला जिवंत करायला आणलाय, तुम्ही तर त्याची तिरडीच बांधायला घेतली. लोक हसले. पाहुणे हसले नाहीत.

भाषणं झाल्यावर मी म्हटलं, आता सगळ्यांनी पुढं या, बायका आधी. तर कार्यक्रमाचे साहेब माझ्या कानाशी लागले. मॅडम, बायका लाजतात, त्यांना मागं ताडपत्रीवर बसू द्या, बघून बघून शिकतील, आणि चहाचंही त्यांनाच बघायचंय. मी विचारलं, पोहायला बघून बघून शिकलात का तुम्ही? साहेबांनी घड्याळ बघितलं. मी पुन्हा विचारलं, पाण्यातून बाई निघाली तर तिला हात कोण लावणार? मागून एक जण म्हणाला, बाईला बाई पाहून घेईल. आणि ज्या बाईनं पाहून घ्यायचं तिला यांनी चहाला बसवलेलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती तिथं पहिल्यांदा गेली. नंतर बऱ्याचदा गेली.

मी शिकवताना पहिल्यांदा छाती दाबायला शिकवत नाही. पहिल्यांदा हाक मारायला शिकवते. माणूस आडवा दिसला की त्याचे दोन्ही खांदे थोपटायचे आणि मोठ्यानं हाक मारायची, भाऊ, ऐकू येतंय का? कारण समोरचा जिवंत आहे असं धरून चालायचं. तो ओ देईल, हूं म्हणेल, निदान पापणी हलवेल. काहीच नाही केलं तर पुन्हा एकदा हाक मारा, मग श्वास बघा, मग पुढचं सगळं. पण आधी हाक मारा. हे मी इतक्या वेळा सांगते की डॉक्टर मला चिडवतो, सिस्टर, तुम्ही झोपेतही हाका मारत असाल. मारत असेन, तुझ्या बापाचं काय जातं?

त्या गावात एक जण सगळ्यांत सरस निघाला. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा तो. हाताला किती जोर द्यायचा हे त्याला सांगावंच लागलं नाही. छाती दाबणं, हनुवटी वर करणं, नाक चिमटीत धरून श्वास देणं, सगळं एका दमात बरोबर. फक्त हाक मारायची म्हटली की गडी लाजायचा. रबराच्या माणसाला काय हाक मारायची, म्हणून तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. मी त्याला पुन्हा पुन्हा उभं केलं. मोठ्यानं, म्हटलं, नाल्याच्या पलीकडं ऐकू गेलं पाहिजे. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि अहिराणीत ओरडला, "भाऊ, आयकू ई ऱ्हायनं का?" सगळी शाळा हसली. मागं दारात एक कोवळी सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती, डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला. ती मात्र हसली नाही, कान देऊन ऐकत राहिली, आणि ट्रेमधला सगळा चहा निवून गेला. मला तो गार चहा प्यावा लागला म्हणून ती लक्षात राहिली.

ती त्या मोटारवाल्याच्या धाकट्या भावाची बायको. म्हणजे हा तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या खान्देशात जेठ आणि धाकटी सून एकमेकांशी बोलत नाहीत. तो घरात शिरताना उंबऱ्यावर खाकरतो, ती पदर ओढून आतल्या खोलीत जाते. त्याला पाणी हवं असेल तर तो भिंतीला सांगतो, ती तांब्या उंबऱ्यावर ठेवते. एका छपराखाली वर्षानुवर्षं राहून एकमेकांचा आवाज सरळ ऐकलेला नसतो. मान म्हणतात याला. म्हणोत बापडे. माझ्या आईनंही तो पाळला, मला माहीत नाही असं नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस तो नाला आला. बायका पलीकडच्या कपाशीतलं निंदणं उरकून परत येत होत्या, एकमेकींचे हात धरून, गुडघाभर पाण्यातून. ऊन पडलेलं. वरून लोंढा आला तो दिसायच्या आत आवाज आला. हातांची साखळी तुटली. बाकीच्या काठाला लागल्या, ही धाकटी सून गेली. खालच्या वळणावर बाभळीच्या फांद्यांत तिची साडी अडकली म्हणून ती थांबली, नाहीतर आज सांगायला काही नसतं. पोरांनी दोर टाकून तिला बाहेर आणलं. श्वास नव्हता.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आमचं पथक औषधं घेऊन गावात पोचलं होतं. पायाला लागलेलं, ताप, जुलाब, पाण्यात टाकायची औषधं, ही पुरानंतरची नेहमीची कामं. पट्ट्या बांधता बांधता बायकांनी सगळं सांगितलं. काठावर गर्दी झाली. कुणी म्हणालं, पालथी घाला, पोटातलं पाणी काढा. कुणी बैलगाडीचं चाक आणायला धावलं, त्यावर घालून फिरवायला. प्रशिक्षण घेतलेले, हातात प्रमाणपत्र धरून फोटो काढलेले बाप्ये तिथं होते. सगळे दोन पावलं मागं सरकले. बाईमाणूस शे, म्हणाले. आणि बायका पुढं येऊन काय करणार, कप्पाळ? त्यांना चहा करायला शिकवला होता आम्ही.

जेठ तिथंच होता, दोर त्याचाच. तो तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला होता आणि हात पुढं नेऊन मागं घेत होता. तेव्हा तिची सासू, म्हणजे याची आई, चिखलातून उठली, त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "हात लाव रे भो. मरी जाई ती."

मग त्यानं लावला. तिच्याच पदराचं टोक तिच्या तोंडावर पसरून श्वास दिला, छाती दाबली, पुन्हा श्वास दिला. हात भरून आले तरी थांबला नाही. तिनं पाणी ओकलं, खोकली, कण्हली. जीपमधून तिला दवाखान्यात नेलं. एक बरगडी दुखावली होती, छातीत पाणी गेल्यानं ताप आला होता, पण जीव होता. मी धुळ्याला जाऊन तिला बघून आले. झोपेत होती. औषधं घेऊन गावात गेलो त्याच दिवशी सासू माझ्या गळ्यात पडून रडली, मन्हा आंडोरनी जीव वाचाडा, म्हणाली, माझ्या लेकानं जीव वाचवला. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू.

त्या जेठाला बाजूला घेऊन मी विचारलं, सगळं क्रमानं केलंस? हो म्हणाला. खांदे थोपटलेस? हो. हाक मारलीस? तो म्हणाला, आम्ही बोलत नाही ना, अक्का. मी तिथल्या तिथं त्याला झापलं. तोंडाला तोंड लावलंस आणि हाक मारायला जीभ उचलली नाही? त्यानं मान डोलावली. मला वाटलं, पुढच्या वेळी लक्षात ठेवील. विषय तिथं संपेल असं मला वाटलं होतं.

दिवाळी होऊन गेली आणि साहेबांचा फोन आला. धुळ्याला मोठा कार्यक्रम आहे, त्या शूर माणसाचा सत्कार ठेवलाय, वाचलेल्या बाईलाही स्टेजवर आणा, फोटो छान होईल. फोटोचं ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण म्हटलं, निदान त्या निमित्तानं पोरगी बघायला मिळेल. गावात गेले. घरात ती नव्हती. सासू म्हणाली, आरामाला माहेरी गेलीय, नरडाण्याला. असेल, म्हटलं. तेवढ्यात माझं लक्ष फडताळाकडे गेलं. मागच्या खेपेला मला चहा देताना सासूनं कौतुकानं दाखवलं होतं, हा सुनेचा पितळी हंडा, लग्नात माहेरून आलेला. त्या जागी धुळीत फक्त गोल वण होता. आरामाला जाणारी बाई बरोबर हंडा नेत नाही. हंडा कधी परत जातो, ते आमच्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, घालवलीत का तिला? मग सगळं बाहेर आलं, आधी हळूहळू, मग भडाभडा. पारावर लोक बोलायला लागले होते. जेठानं भावजयीला हात लावला, तोही कुठं, छातीला. तोंडाला तोंड लावलं. जेठाणीला, म्हणजे त्याच्या बायकोला, बाया पाणवठ्यावर विचारायच्या, काय व, आता तू कुठं निजतेस? ती बिचारी घरी येऊन भांडी आपटायची. मग एक दिवस जेठानं पारावर जाऊन सगळ्यांचं तोंड बंद केलं. काय सांगितलं यानं? ती तर मेलेली होती, म्हणाला. मी मढ्याला हात लावला. मढ्याला हात लावण्यात पाप नाही.

मी दोनदा विचारलं, असं म्हणाला तो? सासूनं मान हलवली.

आणि गावाला तेच पाहिजे होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मेली होती ना, मग ही परत आलेली कोण? घरात नणंदेची सोयरीक चाललेली. मेलेल्या बाईच्या हातचं पाणी पाहुण्यांना कसं द्यायचं? मग चूल नको, मग देवघर नको, मग आराम कर बाई, जा माहेरी. जिनं काठावर धपाटा घालून तिचा जीव परत आणायला लावला, त्याच सासूनं हंडा-कळशी फडक्यात बांधून दिली. मी तिला म्हटलं, अहो, तुम्ही चांगल्या ओरडला होतात त्या दिवशी, आता काय दातखीळ बसली? ती म्हणाली, माझी लेक उजवायची आहे. आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. तिची मला दया आली, आणि तिची दया आली म्हणून आणखी राग आला.

नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. त्याला फोन लावला. म्हणाला, दादा म्हणतील तसं. तुझी बायको आहे, म्हटलं, दादाची नाही. तो म्हणाला, म्हणून तर. आणि फोन ठेवला. काय कप्पाळ फोडायचं अशा माणसापुढं! मी बस धरली. ज्या पोरीला मी दवाखान्यात जिवंत बघून आले होते, तिला अख्ख्या गावानं मिळून मारलं होतं, आणि आता तिच्याच वाचण्याचा सत्कार होता.

दुसऱ्या दिवशी नरडाण्याला गेले. बाप औद्योगिक वसाहतीतल्या गिरणीत हमाली करतो, दोन खोल्यांचं घर, दारात शेवगा. ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. पदर खांद्यावर, चेहरा पहिल्यांदा नीट दिसला. विशीतली पोर. बरगडीवर हात धरून उठली. आतल्या कोपऱ्यात तो हंडा तसाच फडक्यात बांधलेला ठेवला होता, सोडलाच नव्हता. आई म्हणाली, सोडू देत नाही. सोडला म्हणजे राहायलाच आली असं होईल, म्हणते.

मी तिला धीर द्यायला तोंड उघडलं, पण तिनंच विचारायला सुरुवात केली. तुमचं शिकवणं मी दारात उभी राहून ऐकलं होतं, म्हणाली. चहा गार झाला होता त्याबद्दल सासू रागावली होती. मग मान खाली घालून तिनं विचारलं, "अक्का, त्यास्नी माले हाक मारी व्हती का?"

मला कळलं नाही लगेच. ती म्हणाली, सगळे सांगतात त्यांनी काय काय केलं. कुठं हात लावला, कसा लावला, सगळं गाव सांगतं. हाक मारली का, ते कुणी सांगत नाही. तुम्ही म्हणाला होता, समोरचा जिवंत आहे असं धरून आधी हाक मारायची. मारली असेल तर मी त्यांच्या लेखी जिवंत होते. नाही मारली तर मग ते पारावर म्हणाले तेच खरं.

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. नाही सांगितलं. म्हटलं, नाही मारली.

तिनं ज्वारीचं सूप बाजूला ठेवलं. रडेल असं वाटलं मला, पण ती रडली नाही, चिडली. आणि काय छान चिडली! म्हणाली, मला न्यायला सासू आली तरी मी जाणार नाही. नवरा आला तरी नाही, तो त्यांच्यामागं लपतो. ज्यांनी मला मढं म्हटलं त्यांनी यावं, दिवसाढवळ्या यावं, आणि चार माणसांत हाक मारावी. तोवर हंडा असाच राहील. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मेलेल्या बाईला हात लावला तर पाप लागत नाही म्हणतात. मग त्यांना पाप लागू नये म्हणून मी मेलेलीच राहू का?"

धुळ्याच्या त्या कार्यक्रमाला मी गेले, पण स्टेजवर बसले नाही. साहेब म्हणाले, बाई कुठाय? म्हटलं, तिला यायला जमत नाही, ती मेलेली आहे. साहेबांना वाटलं थट्टा करते. मोठा हॉल, खुर्च्यांना पांढरे कपडे, निवेदकाचा आवाज हॉलमध्ये घुमत होता. जेठाला बोलावलं. नवा सदरा, अंगावर शाल, हातात नारळ. मृत्यूच्या दाढेतून एका भगिनीला खेचून आणणारे, वगैरे. टाळ्या. दोन शब्द बोला म्हणाले, तर तो माइकसमोर उभा राहिला आणि तोंडातून आवाजच निघेना. निवेदक म्हणाला, भारावून गेले आहेत. पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती, तीही वर बघत नव्हती.

पायऱ्या उतरून तो खाली आला तसा मी त्याला खांबामागं गाठला. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तो म्हणत राहिला, माझ्या बायकोला लोक नाही नाही ते विचारत होते, कुणाचं तोंड धरणार, म्हणून म्हटलं तसं. मी म्हटलं, लोकांची तोंडं बंद करायला तू तिचं बंद केलंस. तिचा निरोप सांगितला, तिच्या शब्दांत, एक शब्द गाळला नाही. मेलेलीच राहू का, हेही सांगितलं.

तो म्हणाला, "अक्का, जेठ बोलत नसतो. बापजाद्यांपासून नाही."

"बापजाद्यांनी तोंडानं श्वासही दिला नव्हता," मी म्हटलं. "तो दिलास ना? मग आता अर्धं काम ठेवून कुठं चाललास?"

त्यानं खांद्यावरची शाल काढली, घडी केली, पुन्हा उलगडली. साहेब फोटोसाठी हाका मारत होते. याला बरोबर ऐकू येत होतं, पण ओ देत नव्हता. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाडी शे का?"

आमच्या पथकाची गाडी होती. डॉक्टर चालवायला बसला, मी पुढं, मागं तो आणि त्याची आई. ती नारळ मांडीवर घेऊन बसली होती आणि सोनगीर येईपर्यंत पुटपुटत होती, लोक काय म्हणतील, पोरीची सोयरीक मोडेल. मी वळून म्हटलं, मोडली तर मोडू द्या. जिवंत सुनेला मढं म्हणणाऱ्या घरात आपली लेक कुणी देणार नाही, आणि अशा घरातली लेक तरी कोण करून घेईल याचा विचार करा. सोनगीरचा किल्ला मागं गेला तेव्हा तिनं नारळ मांडीवरून खाली ठेवला. तिचा मुलगा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होता.

नरडाण्याला पोचलो तेव्हा ऊन होतं. गिरणीची पाळी सुटली होती, माणसं डबे घेऊन घराकडे चालली होती, बाया दारात बसलेल्या. म्हणजे चार माणसांत म्हणाली होती, तर चाळीस होती. गाडी थांबली. ती ओट्यावरच होती, तेच सूप हातात. आम्हाला बघून उठली.

आणि यानं काय करावं? अंगणाच्या कडेला उभा राहून खाकरला, नेहमीसारखा. तिनंही सवयीनं पदर ओढला आणि आत गेली. झालं. माझ्या मनात आलं, आता हा इथूनच परत फिरतो आणि मी याला नारळानं हाणते.

तो शेवग्याखाली थांबला. शाल हातात गोळा झालेली. ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला, पण कसा, शाळेत रबराच्या पुतळ्यापुढं यायचा तसा, तोंडातल्या तोंडात. आजूबाजूच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी त्याच्या मागं उभी होते. शिकवताना म्हणते तशीच म्हणाले, "मोठ्यानं."

त्यानं डोळे मिटले. आमच्याकडे लेकीला, बहिणीला बाई म्हणतात. त्यानं ते म्हटलं, आणि नाल्याच्या पलीकडं जाईल अशा आवाजात ओरडला, "बाई! आयकू ई ऱ्हायनं का?"

रस्त्यावरची माणसं थांबली. त्याची आई गाडीतून उतरून दाराला धरून उभी राहिली. आत कुणी बोललं नाही. हाकेला ओ आली नाही तर काय करायचं, हेही मीच शिकवलं होतं. त्याला आठवलं. त्यानं पुन्हा हाक मारली, तेवढ्याच मोठ्यानं, फक्त या खेपेला त्याचा आवाज फाटला.

"ई ऱ्हायनं," आतून ती म्हणाली.

मग पितळी हंडा उचलल्याचा आवाज आला.